पडलेल्या घरांची पट्टी

निंबसांगवी, ता. औसा
२४ ऑक्टोबर १९९३

प्रिय आक्का,
सप्रेम जयभीम.

तार पोचली असेल. औशाच्या पोस्टात तार करणाऱ्यांची रांग दारातून रस्त्यावर आली होती आणि मागचा माणूस पुढच्याला ‘दोनच शब्द लिव्हा’ म्हणून ओरडत होता. म्हणून ‘सुखरूप आहे’ एवढंच लिहिलं. आता सविस्तर लिहितो, पण मायला सगळं वाचून दाखवू नकोस.

तीस सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी गावात नव्हतो. कामासाठी लातूरला गेलो होतो आणि मित्राच्या खोलीवर झोपलो होतो. दुपारी चालत गावात पोचलो तेव्हा गाव ओळखूच येईना. ग्रामसेवक म्हणून दोन वर्षं ज्या गल्ल्यांतून घरपट्टी मागत फिरलो, त्या गल्ल्याच राहिल्या नव्हत्या. इथं भिंती दोन-दोन हात रुंद, दगडमातीच्या. त्या सगळ्या आत बसल्या. दोनशे बारा घरांपैकी एक उभं नाही. एकशे चाळीस माणसं गेली. पंचायतीच्या मागची खोली, जिथं मी झोपायचो, तिच्यावर आता दगडांचा ढीग आहे. मी लातूरला नसतो तर ही तार दुसऱ्या कुणीतरी केली असती.

आता सगळे जुन्या गावापासून किलोमीटरभर लांब, शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. जमीन अजून मधूनच हलते. तेव्हा आता कुणी ओरडतही नाही.

बघणाऱ्यांची गर्दी मात्र थांबत नाही. टेम्पो, ट्रॅक्टर, मोटारी भरून माणसं येतात. त्यात मनापासून मदत करणारेही पुष्कळ आहेत. पण काहीजण येताना रिकामे येतात आणि जाताना भरून जातात. पितळी हंडे, सागवानी तुळया, ज्वारीची पोती. इथं भामाबाई म्हणून साठीची एक बाई आहे. नवरा, मुलगा, सून, नातू असे चौघं गेले. ती एकटी खळ्यावर झोपली होती म्हणून वाचली. तिच्या घराच्या भिंती पडल्या, पण चौकटीसकट दार तेवढं उभं राहिलं होतं. रोज सकाळी ती त्या दारासमोर जाऊन बसायची. परवा भरदुपारी कुणीतरी ते दारच काढून नेलं. ती मला म्हणाली, “ग्रामसेवक, घर धरणीनं नेलं म्हणू. दार कुणी नेलं ते तरी सांगा.”

राखीव पोलीस होते तोवर ठीक होतं. ते आता गेले. आमची चौकी अकरा किलोमीटरवर आहे. तिथं जमादार बसलिंगप्पा, दोन शिपाई आणि त्यांच्या अंगावर बावीस गावं. मी सायकलवर गेलो. जमादारांनी मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “तीन माणसं बावीस गावांत कशी वाटायची ते तुमीच सांगा. तुमाला भागाकार येतोय.” माणूस खोटं बोलत नव्हता. पाणी पिऊन परत आलो.

माझी काळजी करू नका.

तुझा,
रवी

•

नायगाव
५ नोव्हेंबर १९९३

प्रिय रवी,
जयभीम.

मायला वाचून दाखवलं नाही. पण मी पत्र घडी करून ठेवताना तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्या दिवशी जेवली नाही. ते लपवणं आपल्या दोघांना जमत नाही.

आता नीट ऐक. तुझे दाजी नांदेडला जाऊन आले. आपल्या तालुक्यात ग्रामसेवकाची एक जागा रिकामी होते आहे. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली सोपी नसते हे तुला मी सांगायला नको. पण भूकंपातला माणूस म्हटल्यावर तिथले साहेब ऐकायला तयार आहेत. अर्ज दाजींनीच लिहून काढलाय, सोबत पाठवते. फुली मारलीय तिथं सही कर आणि उलट टपाली पाठव.

आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचा मुलगा लातूरला क्लासला आहे. धक्क्यानंतर त्याला घरी आणलं होतं. आता दिवाळी व्हायच्या आतच परत पाठवताहेत, कारण क्लास पुन्हा भरले आणि गेला नाही तर जागा जाईल म्हणे. म्हणजे लोक तिकडं जायला रांगा लावून उभे आहेत, हे मलाही दिसतं. पण त्यांची पोरं पक्क्या इमारतीत बसतात. तू शेतात पत्र्याखाली बसलास, आणि शेजारी पडलेलं गाव. चोरांशी भांडायला तुला सरकारनं नेमलं नाही. पोलिसांचं काम पोलीस करतील.

सही कर.

तुझी,
आक्का

•

निंबसांगवी
२८ नोव्हेंबर १९९३

प्रिय आक्का,

अर्ज मिळाला. सही करतो, थोडं थांब. कारण इथं जे घडलं ते आधी तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

वरून पत्र आलं होतं, की भूकंपात पडलेल्या गावांत यंदा घरपट्टीची वसुली करू नये. ते वाचून दाखवायला बाभळीखाली ग्रामसभा घेतली. मला वाटलं, तेवढीच लोकांना एक बरी बातमी. तुला ठाऊक आहे, मी पट्टी मागायला गेलो की बाया आतून सांगायच्या, ‘मालक घरी न्हाईत’, आणि मालक मागच्या दारानं रानात. अकरा वर्षांत या गावची वसुली चाळीस टक्क्यांच्या वर गेलेली नाही. मी पत्र मोठ्यानं वाचलं. कुणी हललं नाही. मग भामाबाई उठली.

“म्हंजी आमची नावं रजिस्टरातनं काढली म्हणा.”

“नाही हो मावशी. यंदा पैसे भरायचे नाहीत, एवढंच.”

“पैसं न्हाई तर पावती न्हाई. पावती न्हाई तर घर न्हाई. दार नेलं, उद्या जागा नेतील. तुमी पट्टी घ्या.”

“मावशी, घर पडलंय. पडलेल्या घराची पट्टी मी कशी घेऊ?”

“पडलंय,” ती म्हणाली. “गेलेलं न्हाई.”

आक्का, पुढं ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो. “आजवर आमी पट्टी चुकवली, हाव, चुकवली. घेऊन तुमी करता काय ते दिसत नव्हतं. आता त्या पैशाची राखण बसवा. जुन्या गावाला चारी अंगानं माणूस उभा करा. मग दिसंल आमाला आमची पट्टी.”

सरपंच शेषेराव पाटील, त्यांचे भाऊ-भावजय दोघं गेलेत, ते खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, “ठराव लिव्हा.” मी सांगितलं की सक्ती करता येणार नाही, नोटीस काढता येणार नाही, दवंडीसुद्धा नाही. ज्याला वाटेल त्यानं यावं. तसंच लिहिलं. जमादारही आले होते. ते म्हणाले, शिपाई देता येत नाही, पण तुमची माणसं उभी राहिली तर कसं उभं राहायचं ते मी शिकवतो, आणि एक दिवसाआड चक्कर माझी.

मी शेडच्या तोंडाला पावती-पुस्तक घेऊन बसलो. मनात म्हटलं, दहा-बारा जण येतील. पहिल्या दिवशी एकाहत्तर आले. माणसं पडलेल्या घराचा नंबर तोंडपाठ सांगत होती. एकानं तर ‘घर नंबर चौतीस, दोन खणाचं, पुढं ओटा’ असं सांगितलं, जणू मी आत्ता जाऊन बघणार आहे. भामाबाईनं सरकारी मदतीला हात लावला नाही. उडीद विकला होता, त्यातले पैसे दिले. पावतीवर नाव नवऱ्याचंच घालायला लावलं.

दहा दिवसांत सगळी आली. सगळी म्हणजे शंभर टक्के. मी तीनदा तपासलं. गावात नऊ घरं अशी आहेत की त्यांत कुणीच उरलेलं नाही. मी ती हिशेबातून सोडली होती. पण त्या नऊ घरांचीही पट्टी त्यांच्या गल्लीतल्या लोकांनी आणून दिली, त्या त्या मेलेल्या माणसाच्या नावानं.

घरं उभी होती तेव्हा हे गाव मला चुकवत होतं. एकही घर उभं नाही, तर पावती घ्यायला रांग लावतं. मी रोज पुस्तक बंद करतो आणि तसाच बसून राहतो. हे काय आहे ते मला सांगता येत नाही आक्का. मी एवढं मोठं काही आजवर बघितलेलं नाही.

सहा माणसं राखणीला बसलीत, मजुरीवर. गावाभोवती दोर बांधलाय. एका जागी नाव लिहूनच आत सोडतात. चोरी थांबलीय.

तुझा,
रवी

•

नायगाव
९ डिसेंबर १९९३

प्रिय रवी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझ्याही अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा वाचताना एका ठिकाणी अडकले ते अजून तिथंच आहे.

सहा माणसं राखणीला बसलीत असं तू लिहिलंस. कुणाची माणसं, ते लिहिलं नाहीस.

आपला आजा गावाचा येसकर होता. आयुष्यभर वेशीत बसला. गावाच्या तिजोऱ्या राखल्या, सरकारी टपाल पोचवलं, मेलेलं ढोर ओढलं, आणि संध्याकाळी दारोदार हात पसरून भाकरी मागितली. ती पण शिळी. बाबासाहेबांनी सांगितलं तेव्हा आपल्या बापानं ती राखण सोडली, तर गावानं त्याला दोन वर्षं पाणी भरू दिलं नाही. तिथून निघून माय-बापांनी आपल्याला शिकवलं. मी शाळेत बाई झाले, तू ग्रामसेवक झालास.

आणि आता गाव पडलं की राखणीला पुन्हा आपलीच पोरं? पाटलाच्या दगडाखालचं सोनं राखायला? ते तुझ्या हातानं, तुझ्या ठरावानं? मजुरी देतोस म्हणजे झालं का?

मला खरं लिही. आणि अर्ज अजून आला नाही.

मनिषा

•

निंबसांगवी
२१ डिसेंबर १९९३

प्रिय आक्का,

तू खाली ‘आक्का’ लिहिलं नाहीस, ‘मनिषा’ लिहिलंस. ते वाचून मी दोन दिवस पेन उचललं नाही.

तुझं खरं आहे. मी एक गोष्ट मुद्दाम गाळली होती, कारण तिची मला लाज वाटत होती.

राखणीची पहिली यादी शेषेराव पाटलांनी दिली. सहा नावं, साही आपल्या वस्तीतली. वाईट बुद्धीनं नव्हे. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. “राखण म्हटल्यावर तुमची पोरं हायतच की,” असं माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले. आणि आक्का, ती यादी घेऊन मी वाचून दाखवायला उभा राहिलो. मला कळत होतं, तरी उभा राहिलो. माणसं उपाशी आहेत, मजुरी मिळतेय, असं मी मनाला सांगत होतो.

तेवढ्यात आपल्या वस्तीतली पंचफुला उठली. तिचा नवरा त्या पहाटे गेला. पदरात दोन मुली. ती म्हणाली, “पाटील, पट्टी कुणी भरली?”

“समद्यांनी.”

“मग राखण समद्यांची. आमी बसू, पर पाळीनं. गल्लीवार नावं लिव्हा. आन् माझं बी घाला.”

कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस काय राखण करणार. ती त्या बाजूला वळली. “चोर भरदुपारी येतोय. तवा बापे रानात असतेत. दुपारी हितं कोण असतंय? आमीच.”

सगळी सभा शेषेरावांकडे बघत होती. मग त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, फाडला आणि म्हणाले, “नवी यादी करा. माझं नाव पयलं.”

आणि ते बसले. पहिल्या दिवशी पहिल्या पाळीला, काठी घेऊन, दोराजवळ. संध्याकाळी मी मजुरी वाटायला गेलो तेव्हा म्हणाले, मला नको, मी सरपंच आहे. पंचफुला शेजारीच होती. ती म्हणाली, “घ्या. तुमी फुकट केली तर उद्या आमाला बी फुकट करायला लावतेल.”

आक्का, पाटलांनी मस्टरवर सही केली, मजुरी मोजून घेतली आणि खिशात टाकली. त्यांच्या खालची सही पंचफुलाची होती. दोघांची रक्कम एकच. मी ते पान बघत उभा राहिलो. आजा आठवला. आजाची सही कुठल्याच कागदावर नाही.

आता गावातल्या सगळ्या गल्ल्यांची पाळी लागते. लिंगायत, मराठा, मुसलमान, आपली. ज्याच्या घरात कुणी उरलं नाही त्याचं सोनं दगडाखाली आहे, हे राखणाऱ्याला माहीत असतं, आणि तो त्याकडं पाठ करून उभा राहतो.

अर्जावर सही केलेली नाही. रागवू नकोस.

तुझा,
रवी

•

नायगाव
३ फेब्रुवारी १९९४

प्रिय रवी,

सोबत कात्रण आहे. दाजींच्या ऑफिसात ते टेबलाटेबलांवर फिरलं, शेवटी दाजींच्याच हातात आलं. ‘भूकंपग्रस्तांकडून घरपट्टीची सक्तीने वसुली; मृतांच्या नावेही पावत्या.’ खाली तुझ्या गावाचं नाव आहे. चौकशी लागली असंही छापलंय.

तुझ्या एकवीस डिसेंबरच्या पत्रानंतर मी लगेच उत्तर लिहिलं होतं. ते मिळालं का? त्यात पंचफुलाबाईंना जयभीम कळवला होता आणि तुझी माफी मागितली होती. तुझं त्यावर एक अक्षर नाही. आता कळलं का ते.

मी तुला ओळखते. तू एक पैसा खाल्ला नसशील. पण सरकारी माणसाला लेखी हुकूम असतो रवी. वसुली करू नये म्हटलं, तर करू नये. मेलेल्या माणसाच्या नावानं पावती फाडताना तुला भीती वाटली नाही? कोर्टात भामाबाईचं बोलणं कोण ऐकून घेणार?

आज मायनं सरळ विचारलं, “पेपरात रवीचं काय आलंय?” शेजारच्यांनी सांगितलं होतं. मी काय सांगू ते लिही. निलंबन झालं असेल तर तेही लिही. आता लपवू नकोस. मी शाळेत मुलांपुढं उभी राहते आणि फळ्यावर काय लिहायला उठले तेच विसरते.

तुझी,
आक्का

•

निंबसांगवी
२४ फेब्रुवारी १९९४

प्रिय आक्का,

तुझं जानेवारीचं पत्र मिळालं होतं. त्याच दिवशी चौकशीची नोटीसही मिळाली. एकाचं उत्तर लिहायचं तर दुसरं लपवायचं, म्हणून दोन्ही ठेवून दिली. चुकलो.

आता झालेलं सगळं सांगतो. गेल्या महिन्याच्या सतरा तारखेला तालुक्याहून विस्तार अधिकारी आले. राघवेंद्र मुदखेडकर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, कडक, कमी बोलणारे. शेडमध्ये टेबल टाकून बसले आणि मला बाहेर उभं केलं, म्हणजे लोकांवर माझा दबाव नको. पण पत्र्यातून सगळं ऐकू येत होतं. पहिला नंबर भामाबाईचा.

“बाई, घाबरू नका. तुमच्यावर पट्टीसाठी सक्ती कुणी केली?”

“सक्ती? मी केली.”

“तुम्ही? कुणावर?”

“ह्या ग्रामसेवकावर. त्यो घेत नव्हता.”

बाहेर कुणीतरी हसलं. साहेबांनी पावत्या आणायला सांगितल्या. आक्का, दोनशे बाराच्या दोनशे बारा पावत्या आल्या. रेशनकार्डात घातलेल्या, पोथीत ठेवलेल्या, डब्यात, एकीनं चोळीत सांभाळलेली, घामानं ओली. एकही हरवलेली नव्हती. ज्या नऊ घरांत कुणी नाही त्यांच्या पावत्या शेजाऱ्यांनी आणल्या. साहेबांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, हे घर तुमचं नाही, नातं नाही, मग तुम्ही का भरलीत? तो म्हणाला, “तीस साल आमची एकच भित्ताड होती साहेब. एक साल नाव थांबलं की माणूस रजिस्टरातनं बी जातंय. त्येची पोरगी देगलुराकडं दिलीय. ती कधी आली तर तिला दावायला नगं का काही?”

साहेबांनी ते लिहून घेतलं.

मग म्हणाले, जुनं गाव बघू. जीप निघाली, मी मागं सायकलवर. दोराजवळ पंचफुलाची पाळी होती. तिनं जीप अडवली. ड्रायव्हर ओरडला, कोण आहेत माहीत आहे का, चौकशीला आलेले साहेब आहेत. ती म्हणाली, “आसतेल. नाव लिव्हा, आन् पायी जावा. आत गाडी न्हाई जात.” साहेब उतरले. वहीत नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि विचारलं, “बाई, मला अडवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?”

“तुमचा पगार सरकार देतंय,” ती म्हणाली. “माझा गाव देतंय. हितं दोराच्या आत गाव हाय.”

साहेबांनी चपला हातात घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. तासभर त्या दगडांतून अनवाणी हिंडले. प्रत्येक ढिगावर चुन्यानं घरनंबर लिहिलेला आहे. एका जागी चांदीचं कडं उघडं पडलेलं दिसत होतं. चार महिने ते तिथंच आहे. त्या घराचा माणूस पुण्याला दवाखान्यात आहे, तो आल्यावर त्याचं तो उचलेल.

परत आल्यावर त्यांनी बॅगेतून पंचायतीचं कायद्याचं पुस्तक काढलं, यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला वाचायला लावलं. पंचायतीच्या कामांत गावची राखण आणि पहारा हेही लिहिलेलं आहे. म्हणाले, “तीस वर्षं मी पंचायतींचे कागद तपासतोय. या ओळीपुढं खर्च पडलेला आज पहिल्यांदा बघितला.”

त्यांनी मला सोडलं मात्र नाही, आणि ते बरोबरच आहे. वसुली थांबवायचा हुकूम असताना पावत्या फाडल्या म्हणून ठपका आला आणि एक वेतनवाढ बंद झाली. रक्कम लोकांनी स्वखुशीनं दिलेली वर्गणी म्हणून धरायची. पण अहवालात शेवटी एक वाक्य आहे, ‘दिलेल्या पावत्या परत घेण्याची आवश्यकता दिसून येत नाही.’ ते मी वाचून दाखवलं तेव्हा भामाबाई म्हणाली, “मागितल्या असत्या तरी कोण देणार होतं?”

आणखी एक. बसलिंगप्पांनीही आपला रिपोर्ट वर पाठवला होता. पुढच्या महिन्यापासून एक शिपाई इथंच शेडमध्ये राहणार आहे. त्याच्याबरोबर गावाची पाळीही चालू राहील, असं ग्रामसभेनं ठरवलं. शिपायाला एकट्याला करमायचं नाही म्हणे.

मायला आता सगळं सांग. अर्जाचं विचारशील. त्या पहाटे मी इथं नव्हतो आक्का. एवढं एकच कारण आहे, दुसरं काही सांगता येत नाही.

तुझा,
रवी

•

नायगाव
२० एप्रिल १९९४

प्रिय रवी,
सप्रेम जयभीम.

शनिवारी मी तुझ्या गावाला येऊन गेले. तुला लोकांनी सांगितलं असेलच. न कळवता निघाले, कारण कळवलं असतं तर तू सगळं नीट करून दाखवलं असतंस. सकाळी सहाच्या गाडीनं नांदेड, तिथून लातूर. लातूरच्या स्टँडवर गाडीतून उतरायला जागा नव्हती, इतकी पोरं. ट्रंका, वळकट्या, बरोबर बाप. क्लासच्या नावनोंदणीला आलेली. एका बापानं मला विचारलं, बाई, तुम्ही कुठल्या क्लासला? मी म्हटलं, निंबसांगवीला. तो म्हणाला, नवा निघालाय का?

औशाहून टेम्पोनं उन्हाची पोचले. कळलं की तू दोन दिवस नव्या गावठाणाच्या नकाशाच्या कामाला गेलास. वाईट वाटलं, पण मग वाटलं, बरं झालं.

टेम्पोवाल्यानं मला जुन्या गावाजवळच सोडलं होतं. दोराशी एक बाई उभी. मी ओळखलं, पण काही बोलले नाही. तिनं नाव विचारलं, सांगितलं. कुठून आलात, सांगितलं. “कोणाकडं?” मी म्हटलं, भावाकडे. “घर नंबर?” आता तुझा घरनंबर मी कुठून सांगू? तू तर पंचायतीच्या मागं झोपायचास. म्हटलं, ग्रामसेवक रविकांत माझा भाऊ. तेव्हा तिनं वर बघितलं. हसली नाही की काही नाही, वहीत खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, “जावा आत. चपला ऱ्हाऊ द्या, काटंकुटं हायत.”

भामाबाईंनी मला फिरवलं. मी काय सांगू तुला? तू लिहिलं होतंस त्यातलं सगळं होतं, पण तू लिहिलेलं वाचणं वेगळं. तिथं आवाज नाही. दोनशे बारा ढीग, प्रत्येकावर चुन्याचा आकडा, आणि कशालाही कुणी हात लावलेला नाही. एका ढिगावर जातं होतं, खुंटा तसाच, बाजूला पितळी डबा. मी शिक्षक आहे, रिकाम्या वर्गात पोरांची दप्तरं तशीच ठेवून गेलो तर मधल्या सुट्टीत काय होतं ते मला माहीत आहे. भामाबाई आपल्या घराच्या जागी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “या, बसा.” मी बसले. दगडावर बसून त्यांनी मला घर दाखवलं. इथं चूल, इथं माझ्या सुनेची पेटी, इथं नातू झोपायचा. मी हाव हाव म्हणत होते. थोड्या वेळानं मलाही ते दिसायला लागलं.

रात्र त्यांच्याच शेडमध्ये काढली. पंचफुलाबाई जेवायला आल्या होत्या, शेषेराव पाटीलही येऊन बसले. उद्याची पाळी कुणाची यावरून त्या दोघांची चांगली जुंपली. पाटील हरले.

आपल्या राखणीबद्दल मी तुला जे लिहिलं होतं, त्यातलं एक अक्षर मी मागं घेत नाही. ते आजाचं खरंच होतं. पण हे ते नव्हे, एवढं मला डोळ्यांनी बघावं लागलं.

घरी आल्यावर मायला सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, दोन तास. दाजींना म्हटलं, तो अर्ज राहू द्या. ते म्हणाले, अजून सहीच कुठं आलीय.

रविवारी सकाळी निघताना पुन्हा दोराशी थांबले. जाण्याची वेळ शनिवारी लिहायची राहिली होती, म्हणून राखणीवरच्या माणसानं वही पुढं केली. तेव्हा आदल्या दिवशीची माझ्या नावाची ओळ वाचली. अक्षर नवं शिकलेलं, एकेक काना वेगळा उभा. नाव, गाव, तारीख. आणि ‘कोणाकडे आले’ त्या रकान्यात पंचफुलाबाईंनी लिहिलं होतं, ‘समद्या गावाकड’. शेवटचा अनुस्वार राहून गेला होता. पेन माझ्या हातातच होतं. वीस वर्षांत अशी चूक मी कधी सोडलेली नाही. वेळ लिहिली, सही केली आणि वही तशीच परत दिली.

तुझी,
आक्का